बिनमैद्याचा रविवार

३ सप्टेंबर

ती. दादास,
तुझ्या टाचणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोनवर तू हं आणि बरं याच्या पुढे जात नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडायचा तर फाड, पण वाचून झाल्यावर.

वहिनीने कळवलं की ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी तू येणार नाहीस. एकतीस वर्षं आपण तिघं भावंडं त्या रविवारी माझ्या दुकानात, कापड कापायच्या टेबलाभोवती जमतोय, आणि तुझा केक आल्याशिवाय आजवर कुणी चहाला तोंड लावलेलं नाही. यंदा तू केक करणार नाहीस, हे मी समजू शकते. डॉक्टरीण बाईंनी साखर बंद केली, मैदा बंद केला, तर कुणाला हुरूप राहील? पण तू स्वतःही येणार नाहीस, हे माझ्या गळी उतरत नाही. आजार साखरेचा झालाय, माणसांचा नव्हे.

तर आता नीट ऐक. यंदाचा केक मी करणार आहे. या दिवसांतली फळं आणि चीज यांचा, साखरेचा कण नाही आणि मैद्याची चिमूट नाही, असा. तुला काय चालतं याची यादी वहिनीने दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंकडून आणून मला धाडली आहे. क्रीम चीज, अंडी, लोणी, बदामाची पूड, मूठभर काळ्या बेरी आणि ती साखरेसारखी दिसणारी पांढरी पूड. मी जन्मात केक केलेला नाही हे खरं. पण पस्तीस वर्षं मी परक्या माणसांच्या मापाचे कपडे शिवतेय, सख्ख्या भावाच्या मापाचा एक केक मला का जमू नये?

आमच्या धंद्यात भारी कापडाला आधी कात्री लावत नाहीत. जाड्याभरड्या कापडावर कच्चा टाका घालून अंगावर चढवून बघतात, मग खरं कापड. तसा शनिवारी मी पहिला कच्चा टाका घातला. वेळ संपली तेव्हा कडा घट्ट झाल्या होत्या, पण मध्ये सगळं थरथरत होतं. आता सैल राहिलेली वस्तू गिऱ्हाइकाला द्यायची आम्हाला सवय नाही. मी तो आणखी पंचवीस मिनिटं आत ठेवला आणि बाहेर काढून खिडकीत वाऱ्याला ठेवला. दहा मिनिटांत या कडेपासून त्या कडेपर्यंत उसवला. आमच्या यांनी तो चमच्याने खाल्ला आणि रबर बरं असतं म्हणाले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून याहून जास्त कौतुक मिळत नसतं.

का उसवला, एवढं सांग. रागावलास तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझी,
टाचणी


९ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी येणार नाही. वहिनीने सांगितलं ते खरं आहे आणि त्यावर चर्चा नको.

केक मैद्याचा असतो. बदामाची पूड थापून त्यावर चीज ओतलं तर त्याला काय म्हणायचं ते म्हण, केक म्हणू नकोस. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेल्या माणसाला शिवणकाम करणाऱ्या बाईने केक शिकवावा, असे दिवस आले आहेत. मी काही मनाला लावून घेत नाही. तोंडात टाचण्या धरून बोलायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे, म्हणून तर मी तुझं नाव टाचणी ठेवलं.

मधल्याला आशीर्वाद आणि मावशीला नमस्कार सांग. तुम्ही जमा, हसा, खा. माझी अडचण नको.

तुझा,
दादा

ता. क. मध्ये थरथरायलाच हवं. कडेपासून दोन बोटं घट्ट झालं की ओव्हन बंद करायचा, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवायचा आणि तासभर आतच राहू द्यायचं. गरम चीज एकदम वाऱ्याला ठेवलं की तडकणारच, त्याला कोण काय करणार? विचारलंस म्हणून सांगतोय असं नाही. चीज वाया गेलेलं मला बघवत नाही.


१२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

यांचं उत्तर पोचलं असेलच. ते वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल, म्हणून लगोलग लिहिते. तीन कागद फाडून मग ते चौथ्यावर उतरलं आहे. आणि ता. क. लिहिण्यासाठी बंद केलेलं पाकीट वाफेवर धरून पुन्हा उघडलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही, ते आज सांगते. मार्चपासून यांनी भट्टी सोडली आहे. चव घेता येत नाही तर माल कसा सोडायचा म्हणून मागच्या खोलीत पाव बांधायला बसतात. मालकांनी दोनदा समजावलं, ऐकलं नाही. घरी जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जातात आणि दार लावतात. एकदा मी फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, की जेवायला बसलं की सगळे माझ्या ताटात बघतात. मुलगी आली की बघते, शेजारी बघतात, तूही बघतेस. मी बघते हे खरंच आहे हो. काय वाढलं, किती उरलं, भाकरी एक की दीड, माझा डोळा तिथेच असतो.

आणि एवढं बघूनही गेल्या आठवड्यात कोटाच्या खिशात बिस्किटांचा चुरा सापडला. खाई त्याला खवखवे. मी काही न बोलता खिसा झटकला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम अजून भरत नाही, डॉक्टरीण बाई नाराज आहेत. यंदाच्या रविवारी आले नाहीत तर पुढच्या वर्षीही येणार नाहीत, आणि मग कधीच येणार नाहीत, अशी मला धास्ती वाटते.

म्हणून सांगते, तुम्ही लिहीत राहा. आणि जमलं तर चुका करत राहा. तुमचं पत्र यांनी उशीखाली ठेवलं आहे.

तुमच्या मायेची आस धरून,
वहिनी


२० सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

चमचा अडकवला. तासभर ओव्हनपुढे पहारा दिला. एकही चीर नाही. पण आनंदाने नाचावं तर पुढचं ऐक.

साच्यात घालायचा कागद मी रीतसर कापला, सगळीकडून अर्धा इंच माया सोडून. कापड कापताना शिवणीसाठी जास्तीचं सोडायचं असतं, माझा हात आपोआप तसाच चालतो. ती माया आत दुमडली आणि केकच्या अंगाला घागऱ्यासारख्या चुण्या पडल्या. माझ्या मदतनीस बाईने विचारलं की याला इस्त्री करायची का. तिला मी उद्या सुट्टी देणार नाही.

दुसरं, बेरी. मी त्या छान ओळीत, बटणं लावावीत तशा वर रचल्या आणि मग केक भाजला. सगळ्यांचा रंग सुटला. कच्च्या रंगाचं कापड पहिल्या धुण्यात करतं तसं केलं त्यांनी. पांढरं चीज जांभळं, आणि एका कोपऱ्यात तर निळं. तिसरं, ती पांढरी पूड दाताखाली कचकच लागते आणि जीभ गार पडते. चौथं, खालचा बदामाचा थर ओला राहिला. आमचे हे म्हणाले की रबरापेक्षा सुधारणा आहे, आता ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो.

नाचता येईना अंगण वाकडं असं तू म्हणशील. म्हण. पण अंगण सरळ कसं करायचं तेही सांग.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारी,
टाचणी


२६ सप्टेंबर

चि. टाचणीस,
अ. आ.

कागद साच्याच्या तळाएवढा गोल आणि अंगाला वेगळी पट्टी. माया सोडायची नाही. हे मी कधी कुणाला सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आता क्रमाने ऐक आणि भिंतीवर लावून ठेव. बदामाची पूड आणि वितळलेलं लोणी एवढंच कालवायचं, तळाला वाटीने दाबून बसवायचं आणि रिकामंच दहा मिनिटं भाजायचं, वास सुटेपर्यंत. गार झाल्यावरच वर चीज. ती गोड पूड आधी मिक्सरमधून काढ म्हणजे कचकच जाते. तिचं प्रमाण यादीत आहे त्याच्या पाऊणपट घे आणि लिंबाची साल किसून घाल, जीभ गार पडायची थांबते. चीज आणि अंडी सकाळी बाहेर काढून ठेव. फेटू नकोस, नुसतं ढवळ. फेटलंस की हवा शिरते, फुगतो आणि मग बसतो. तू गरम डोक्याची आहेस, हात जोरात चालतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

बेरी केकबरोबर भाजायच्याच नाहीत. वेगळ्या भांड्यात मंद आचेवर, पाणी न घालता, दालचिनीच्या एका तुकड्यासह पाच मिनिटं. स्वतःच्या रसात भिजल्या की उतरव. पूर्ण गार कर आणि केक रात्रभर थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी वर पसर. एखादं आंबटगोड आलुबुखार मिळालं तर पातळ चिरून त्यात टाक, एकच, कारण त्यात साखर जास्त असते.

हे सगळं मला कसं माहीत, असं विचारशील. मी अर्ध्या मापाचा करून बघितला. निव्वळ तपासणी म्हणून. भट्टीवरच्या माणसाने ऐकीव गोष्ट दुसऱ्याला सांगू नये. चव वाईट नाही, एवढंच म्हणेन.

रविवारचं माझं म्हणणं कायम आहे.

दादा


८ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

आमच्या स्वयंपाकघरात मला आता पाहुण्यासारखं राहावं लागतं. बुधवारी एक केक, शनिवारी एक केक. बाजारातून बेरी मी आणल्या तर आंबट आल्या म्हणून पुन्हा पाठवलं. खाण्याआधी साखर मोजायची आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा. पहिल्यांदा मशीनचा आकडा बघायला आम्ही दोघंही चष्मे लावून बसलो. आधी एकशे एकवीस, नंतर एकशे अडतीस. यांनी मशीन खराब आहे म्हणून शेजाऱ्यांचं आणलं. तेही तेच म्हणालं. मग हे खुर्चीत बसले आणि म्हणाले की उद्या जायफळ घालून बघू.

आहारवाल्या बाईंनी फोडीचं माप ठरवून दिलं आहे, त्याच्याबाहेर हे जात नाहीत. कोटाचे खिसे स्वच्छ आहेत. पण फोड अजूनही आत नेऊन, दार लावूनच खातात. मला म्हणाले की तू चव सांग, पण माझ्याकडे बघू नकोस. मी भिंतीकडे तोंड करून चव सांगते. या वयात काय काय करावं लागतं.

एक विचारते, खरं सांगा. परवाच्या पत्रात तुम्ही यांना विचारलंत की चीज बर्फासारखं असतानाच किसणीवर किसून घातलं तर चालेल का. त्यावर हे तासभर येरझारा घालत होते. वन्सं, एवढं तर माझ्या सहा वर्षांच्या नातीलाही कळतं.

उत्तर माझ्या नावाने टाकावं, लोभाला तोटा नसावा.
वहिनी


१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

पकडलंस. पहिल्या दोन पत्रांतल्या चुका अस्सल माझ्या होत्या, त्यात एका टाक्याचीही लबाडी नाही. तिसरी ठरवून केली. खरं म्हणजे दादाने सांगितल्यापासून माझा केक बिघडायचंच थांबलं आहे, आणि आता काय लिहावं हा प्रश्न पडला. मागच्या शनिवारचा तर असा उतरला की आमच्या यांनी दोन फोडी खाऊन तिसरीसाठी बशी पुढे केली. त्यांनी पुन्हा मागणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? म्हणून आज दादाला वेगळंच पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलं की चुका संपल्या, माझा केक आता तुझ्यापेक्षा चांगला होतो. पटत नसेल तर रविवारी तुझा घेऊन ये. दोन्ही बिननावाचे मावशीपुढे ठेवू. मावशी चौऱ्याऐंशीची आहे आणि खोटं बोलायला आता वेळ नाही असं स्वतःच म्हणते, तिचा निवाडा आपण दोघांनी मान्य करायचा. आला नाहीस तर हरलास असं मी मधल्याला सांगेन, आणि मधला गावभर सांगेल.

लिहिताना हात सरसर चालला, पेटीत टाकल्यावर मात्र परत काढता येतं का म्हणून फटीत बोटं घालून पाहिली. तो चिडून आलाच नाही तर? माझ्या हातून उरलासुरला दोरा तुटायचा. गेले आठ महिने हा माणूस आमच्यात नाही गं. मधला विनोद करतो आणि सवयीने दादाच्या खुर्चीकडे बघतो. मला तो केक नको, वहिनी, मला तो खुर्चीत हवा आहे.

तू काही बोलू नकोस. फक्त मशीन आणि त्याच्या फोडीचं माप बरोबर आण.

तुझीच,
टाचणी


१८ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
आ.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हेच.

केक घेऊन येतो. मावशीने निवाडा दिला की निघेन. खायला बसणार नाही, बसवायचा प्रयत्नही करू नये. हे आधी मान्य असेल तरच.

आणि बेरी घट्ट बघून घे. नंतर सबब नको.

दादा


४ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

हार तोंडी मान्य केली होती, आता लेखी करतो. रविवार, दिनांक अठ्ठावीस ऑक्टोबर रोजी, शिवणकाम करणाऱ्या धाकट्या बहिणीने चाळीस वर्षांच्या कारागिराला फळ आणि चीजच्या केकमध्ये हरवलं. हा कागद दुकानात आरशाशेजारी लावलास तरी माझी हरकत नाही.

तू चहा गाळायला आत गेली होतीस, म्हणून मावशीचा निवाडा तुला मधल्याच्या तोंडून, म्हणजे तिखटमीठ लावून कळला असणार. खरा असा. तिने दोन्ही बशा संपवल्या, मग डावीकडच्यातलं आणखी मागितलं, आणि तेही संपल्यावर म्हणाली की डावीकडच्यात फळ लागतं, उजवीकडच्यात हुशारी लागते. उजवीकडचा माझा होता. जायफळ, वेलची, संत्र्याची साल, मी काय काय कोंबलं होतं त्यात. तुला दिलेला सल्ला तू पाळलास आणि मी स्वतः पाळला नाही. म्हातारीला दात चार आहेत, पण जीभ शाबूत आहे.

बेकरीचं सांगतो. सोमवारी मी मालकांकडे गेलो आणि भट्टीवर परत उभा राहिलो. शुक्रवारी काचेत तुझ्या पद्धतीचे बारा केक ठेवले, शेजारी पाटीवर लिहिलं, साखर नाही, मैदा नाही, एकाने एकच फोड खावी. दुपारी दोनच्या आत काच रिकामी. एक शिक्षक दोन घेऊन गेले आणि तासाभराने वडिलांना घेऊन परत आले. ते वडील काचेपुढे बराच वेळ उभे होते. मी त्यांना काही विचारलं नाही, मला ते उभं राहणं ओळखीचं होतं. पुढच्या शुक्रवारी वीस करायचे आहेत. डॉक्टरीण बाईंनी माझा अंगठा बघून पहिल्यांदाच मान हलवली, ती वरखाली.

आता जे समोर बोलता आलं नाही ते लिहितो.

निवाडा झाल्यावर मी निघणारच होतो. कोट हातात होता. तेवढ्यात तू आतून आलीस आणि सगळ्यांना फोडी वाढत सुटलीस. मधल्याला, त्याच्या बायकोला, मावशीला, तुझ्या घड्याळवाल्याला, मला, वहिनीला. सगळ्यांना त्याच केकची, तेवढीच. माझ्यासाठी वेगळी बशी नव्हती. वाढून तू पुढे गेलीस, माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाहीस. मी बशी हातात धरून उभा राहिलो आणि कुणाचंच माझ्याकडे लक्ष नाही हे माझ्या ध्यानात आलं. जो तो आपापल्या बशीत होता. वहिनीसुद्धा. मग मी बसलो. उभ्याने खायची मला सवय नाही, एवढंच कारण.

मी हळू खात होतो. बेरीचा मोठा घास शेवटासाठी कडेला ठेवला होता, लहानपणी ठेवायचो तसा. आणि मधल्याने बोलता बोलता चमचा पुढे केला आणि तो घास माझ्या बशीतून उचलून तोंडात टाकला. मी त्याच्या अंगावर ओरडलो, तू ऐकलंसच. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, अठ्ठावन्न वर्षांच्या भावाशी घासावरून भांडला. तो निर्लज्जासारखा हसत होता. नंतर मी हात धुवायला गेलो आणि नळ सोडून बराच वेळ आत होतो. तुम्हाला वाटलं मी रागावलो.

रागावलो नव्हतो. आठ महिने जो उठतो तो माझ्या ताटातून काहीतरी काढून घेत होता, आणि प्रत्येक जण माझ्या भल्यासाठी. त्या रविवारी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या ताटातलं पळवलं ते स्वतःला आवडलं म्हणून.

पुढच्या वर्षी मला हरवण्याइतका लोभ ठेव,

तुझा,
दादा